डाव्या कुशीची खिडकी

१

सकाळी अंकिताला जाकीट चढवायचं काम माझं. अंघोळ झाली की ती पातळ सुती बनियन घालून माझ्यापुढं उभी राहते, दोन्ही हात डोक्यावर घेते, आणि मी ते पांढरं, टणक प्लॅस्टिकचं कवच फाकवून तिच्या अंगाभोवती बसवते. मग पट्टे ओढायचे, खालून वर. पट्टा ओढताना तिनं श्वास सोडायचा असतो. सगळे बसले की मी तिच्या बाजूला जाऊन डाव्या कुशीवर, जरा पाठीकडं, तळवा ठेवते. तिथं जाकिटाला पंजाएवढी खिडकी कापलेली आहे.

"घे," मी म्हणते.

ती श्वास घेते, आणि खिडकीतून तिच्या बरगड्या येऊन माझ्या तळव्याला टेकतात.

त्या वेळी बाहेर धुकं असतं. सुपा धरणाच्या पाण्यावरनं उठलेलं धुकं रामनगरच्या अलीकडं आमच्या शेतापर्यंत येतं आणि कापलेल्या भाताच्या खुंटांवर बसून राहतं. दार उघडं असलं तर थोडं आतही येतं. त्या पांढऱ्या उजेडात लेकीच्या कुशीवर हात ठेवून मी उभी असायची. दिवसातला तो वेळ मला आवडायला लागला होता.

गेल्या गणपतीत ती अंगणात रांगोळीला वाकली, तेव्हा तिच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा वर आलेली दिसली, पदराखाली उशी ठेवावी तशी. मी आशा कार्यकर्ती आहे. वाड्यावाड्यांवर जाऊन तान्ह्या पोरांच्या छातीकडं बघत बसणं हे माझं रोजचं काम. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय का बघायचं, पडला तर पोराला दवाखान्यात धाडायचं. बरगड्यांकडं बघायची माझ्या डोळ्यांना सवय आहे. त्यामुळं त्या दिवशी अंगणात मला कुणी काही सांगावं लागलं नाही.

२

बेळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. सरळ खांबासारखा असायचा तो कणा मधेच उजवीकडं झुकून परत जागेवर आला होता, ओढ्यानं मोठा दगड टाळून वळण घ्यावं तसा.

"नववीत आहे ना? म्हणजे अजून उंची वाढणार," डॉक्टर म्हणाले. "वाढीबरोबर बाकही वाढला तर पाठ उघडून मणक्यांना सळ्या बसवाव्या लागतील. त्याआधी ब्रेस, म्हणजे टणक जाकीट, घालून बघू."

ब्रेस करणारे महाबळेश्वर म्हणून गृहस्थ होते, धारवाडकडचे, मराठीला कानडी वळण असलेले. त्यांच्या खोलीत कोपऱ्यात प्लॅस्टिकचा सांगाडा टांगला होता. त्याच्या छातीच्या पिंजऱ्यात हात घालून त्यांनी अंकिताला समजावलं.

"बरगड्या म्हंजे गज न्हवेत बघ, बाळ. बादलीची कडी असती की नाही? श्वास घेतला की तशी कडी वर उठती. आता कणा नुसता वाकत न्हाई, वाकता वाकता पिळतो. दोरीला पीळ बसतो तसा. त्याच्या मागनं बरगड्या जातात. उजवीकडच्या मागं फुगतात, डावीकडच्या आत बसतात. म्हणून उजवीकडं आतनं गादी दिलीय, ती दाबणार. आणि डावीकडं जागा सोडलीय."

"रिकामीच?" अंकितानं विचारलं.

"रिकामीच. ती तू भरायची, श्वासानं. जाकीट फक्त ढकलतंय. कणा सरळ करतो तो श्वास." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "अक्का, खिडकीवर हात ठेवायचा आणि हिला म्हणायचं, इथं धाड. रोज. अंघोळ सोडून दिवसरात्र अंगावर पायजे."

पहिले काही आठवडे ती रडली. जाकीट काखेत घासायचं, बाकावर बसता यायचं नाही, वर्गातल्या पोरी मुद्दाम पाठीवर टकटक करून बघायच्या. पण दिवाळी होऊन भात कापून झालं, तशी ती शांत झाली. व्यायामाला मी हाक मारायच्या आधी स्वतःच भिंतीला टेकून बसायची, डोळे मिटायची, आणि डावीकडं श्वास धाडत राहायची. बघणाऱ्याला वाटावं, ती काहीतरी ऐकते आहे.

३

एका सकाळी पट्टे लावून झाले, मी तळवा ठेवला, आणि अंकिता शाळेच्या गॅदरिंगचं सांगत होती. सुप्रियानं नाचात पुढची जागा घेतली, बाईंना सगळं माहीत असून त्या गप्प बसल्या, असं काहीतरी. बोलता बोलता तिचा आवाज तावातावानं चढला होता.

आणि माझ्या तळव्याखाली तिची कूस भरत आली. सावकाश. पूर्ण भरली, क्षणभर तशीच राहिली, आणि ओसरली.

मी ऐकत होते तिचं वाक्य. ते मधे कुठं तुटलं नव्हतं.

बोलताना माणूस श्वास सोडत असतो. बोलता बोलता श्वास आत घेता येत नाही, घेऊन बघा, शब्द गिळला जातो. बोलताना बरगड्या बसायला पाहिजेत. ह्या उठल्या होत्या.

"थांब जरा," मी म्हणाले. "परत बोल."

"काय बोलू?"

"काय पण. कानडीचा धडा म्हण."

ती हसली आणि धडा घडाघडा म्हणायला लागली, एका दमात, पोरं म्हणतात तसा. माझ्या हाताखाली कूस परत भरली. घाई नव्हती तिला. झोपलेल्या माणसाचा असतो तसा लांब, खोल श्वास.

"काय झालं गे आई?"

"काय न्हाई. जा, बस चुकंल."

ती दप्तर घेऊन धुक्यात गेली. मी तळवा गालाला लावून बघितला. थंडीनं हात बधिर झाला असेल. आपल्याच हाताची नाडी आपल्याला लागते, पोरांना तपासताना हे कितीदा होतं. दिवसभर मी स्वतःला हेच सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत ते पटलंही.

४

फुला आमच्या मागच्या डोंगरातल्या वस्तीवर राहते. रविवारी ताक घेऊन येते आणि उंबऱ्याशी बसून पान खाल्ल्याशिवाय जात नाही. त्या रविवारी ऊन चढलं होतं. अंकिता मागं न्हाणीत होती, पाण्याचा आणि तिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. जाकीट मधल्या खोलीत कॉटवर काढून ठेवलेलं. तिचे बाबा, दत्तात्रय, रामनगरच्या दुकानात गेलेले. पाइपा, नळ, तारा विकायचं आमचं दुकान आहे, ते रविवारीच जास्त चालतं.

फुलानं पानाला चुना लावता लावता हात थांबवला.

"कोण निजलंय गो आत?"

"कोण न्हाई. का?"

"न्हाई कसं? बरं गाढ निजलंय."

मी कान दिला. खरंच होता आवाज. भरून येणारा, थांबणारा, परत जाणारा.

"धनेश असंल," मी म्हणाले.

आमच्याकडं धनेश पक्षी उडतो तेव्हा पंखांचा असाच आवाज येतो. कुणी मोठ्या छातीचं माणूस डोक्यावरनं श्वास घेत गेल्यासारखा. नव्या माणसाला दचकायला होतं. फुलानं मान हलवली. आणि तेवढ्यात धनेश आलाच, कौलांवरनं गेला, त्याचे पंख फाटकाकडच्या झाडापर्यंत ऐकू आले, मग लांब गेले, मग विरले.

आतला आवाज राहिला.

फुला माझ्याकडं बघत होती. पान तोंडात न टाकताच तिनं ते पदराला बांधलं. "येतो मी," म्हणाली आणि ताकाचं भांडं तिथंच ठेवून उठली.

मी मधल्या खोलीत गेले. कॉटवर ऊन नव्हतं, ते अजून खिडकीखालच्या फरशीवरच होतं. जाकीट कॉटवर कुशीवर कलंडलेलं. मी दारात पाऊल टाकताच आवाज थांबला, म्हणजे मला तसं वाटलं. मी आत हात घातला. उजवीकडची गादी गार होती. डावीकडची पोकळी ऊबदार होती, आणि आतल्या प्लॅस्टिकवर बारीक दव धरलं होतं. आरशावर तोंडाची वाफ धरते तसं.

मी ते पदरानं पुसलं. अंकिता केस पुसत आली आणि नेहमीसारखे हात डोक्यावर घेऊन उभी राहिली.

५

नव्या एक्स-रेत बाक कमी झाला होता. मला वाटलं होतं डॉक्टर सांगतील तेव्हाच कळेल, पण मलाही दिसला. ओढा सरळ वाहायला लागला होता.

"फारच छान," डॉक्टर म्हणाले. "एवढी सुधारणा इतक्या लवकर नाही दिसत. ह्या डाव्या बरगड्या बघा, कशा उघडल्यात." महाबळेश्वरांना बोलावून त्यांनाही दाखवलं. ते अंकिताला म्हणाले, "श्वास लई चांगला घेतीस बाळ तू." त्यावर अंकिता खाली बघून नुसती हसली.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. लोंढा गावाच्या पुढं जंगल लागलं. झाडांमधनं येणारं ऊन तिच्या तोंडावरनं सरकत होतं, उजेड, सावली, उजेड. मला झोप येत होती.

"आई," ती म्हणाली, "तो श्वास मी न्हाई घेत."

"म्हंजे?"

"आधी मीच घेत होतो. लई जोर लावून. आता मी फक्त जागा देतो. माझा संपला की तिचा सुरू हुतो."

"तिचा म्हंजे कुणाचा गे?"

तिनं खांदे उडवले. "डावीकडचीचा," ती म्हणाली, आणि काचेला डोकं टेकून झोपली.

घरी अंकिताचे बाबा पेढे घेऊन वाट बघत होते. रात्रीचं जेवण झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. अंकिताजवळ जाऊन त्यांनी खिडकीवर आपला रुंद हात ठेवला आणि डोळे मिटून थांबले. मग त्यांचं तोंड उजळलं.

"काय जोर हाय गे पोरीला!" ते म्हणाले. "उगंच भ्यालीस. यंदा उळवीच्या जत्रेला जायाचं आपण तिघं. मी बोललोय देवाला."

अंकिता तेव्हा पाणी पीत होती. तांब्या तोंडाला लावून घटाघटा, एका दमात, मधे श्वास न घेता. हे त्यांना दिसत होतं, आणि दिसत नव्हतं.

६

दुसऱ्या सकाळी मी जाकीट माळ्यावर ठेवलं. अंकिताला सांगितलं, पट्टा उसवलाय, बेळगावला धाडलंय, आठवडा लागेल. तिच्या बाबांनाही तेच सांगितलं. ते "लवकर आण म्हण त्यांना" म्हणून दुकानाला गेले. अंकितानं एकदा वर, माळ्याच्या फळ्यांकडं बघितलं आणि दप्तर उचललं.

त्या दिवशी ती बरी होती. संध्याकाळी फक्त म्हणाली, "दम लागतोय." शाळेतनं चालत आली म्हणून असेल.

पुढच्या दिवशी तिला शाळेला धाडलं नाही. सकाळी ती डावीकडं कलून बसली होती, त्या बाजूचं काहीतरी काढून घेतल्यासारखी. पेज अर्धीच प्याली. दुपारी मी एका बाळंतिणीकडं जाऊन घाईनं परत आले, तेव्हा ती पुढच्या सोप्यात भिंतीला टेकून बसलेली, ओठांचा रंग गेलेला, आणि एकेका शब्दानं बोलत होती.

"आई. पुरत. न्हाई."

मी तिचा झगा वर केला. अशा वेळी मी आई नसते, मी बघायला शिकलेली बाई असते. उजवी बाजू भराभर वर-खाली होत होती. डावी हलत नव्हती. थोडीही नाही. लाकडात बरगड्या कोरून ठेवाव्यात तशी ती बाजू स्थिर होती, आणि हात लावला तर गार.

मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. जोयड्याहून निघतेय म्हणाले. जोयड्याहून आमच्या घरापर्यंत घाटाचा रस्ता आहे, वेळ मला माहीत होता. मग ह्यांना फोन लावला, तो वाजत राहिला. हे दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत असतील. अंकिताची मान माझ्या खांद्यावर पडली. तिच्या छातीत शिट्टीसारखं वाजायला लागलं होतं, आखूड, आखूड.

आणि आमच्या डोक्यावर, माळ्याच्या फळ्यांपलीकडं, कुणीतरी लांब, निवांत श्वास घेतला.

अंकितानं मान वर केली नाही. फक्त तिचा डावा हात उठला आणि वर वळला, पान उजेडाकडं वळतं तसा.

७

माळ्यावर काचेचं एक कौल आहे. त्यातनं भर दुपारचा उजेड सरळ खाली पडतो आणि त्यात तूस तरंगत असतं. मी शिडीवरनं डोकं वर काढलं. जाकीट मी भाताच्या पोत्याला टेकून, पट्टे बांधून ठेवलं होतं. ते तसंच होतं.

खिडकी माझ्याकडं होती.

खिडकीत कातडी होती. अंकितासारखीच गव्हाळ, पण ऊन न लागलेली. तिच्याखाली दोन बरगड्या आणि त्यांच्या मधली खाच. त्या वर आल्या, बादलीची कडी उठते तशा, कडेपर्यंत भरल्या, आणि बसल्या. जाकिटाच्या वरच्या तोंडातनं मला आतलं आरपार दिसत होतं. आत कुणी नव्हतं. पलीकडच्या पोत्याची वीण दिसत होती, धागा न् धागा.

खाली अंकिताच्या छातीतली शिट्टी मधेच थांबली, मग परत लागली.

मी जाकीट उचललं. त्याचं वजन नेहमीपेक्षा जास्त होतं, थोडंच, पण जास्त. हातात घेतल्याबरोबर आतला श्वास एकदम आत ओढला गेला, झोपेतनं उचललं की तान्हं मूल ओढतं तसा. आणि सवयीनं, खरंच फक्त सवयीनं, माझ्या तोंडातनं गेलं, "हं हं, झालं, झालं."

शिडी कशी उतरले ते आठवत नाही. मी जाकीट लेकीच्या अंगाभोवती बसवलं. पट्टे ओढायला तिचा श्वास सुटायची वाट बघावी लागली नाही. मधला पट्टा बसताच तिची डावी बाजू उचलली गेली. इतका मोठा श्वास तिनं घेतला, की तिचं डोकं भिंतीला लागलं. मग दुसरा. ओठांना रंग आला.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ती पेज मागत होती. बरोबरच्या नर्सनं छातीला नळी लावून दोन्ही बाजू ऐकल्या. "दम्याचा झटका असेल," म्हणाली. "आता एकदम साफ आहे. उलट डावीकडं जास्तच मोकळं वाजतंय."

त्या संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "जाकीट आलं व्हय परत?" मी "व्हय" म्हणाले. मला निवडायचं होतं ते मी माळ्यावर निवडलं होतं. लेक सरळ उभी राहायला हवी होती, आणि तिनं श्वास घ्यायला हवा होता.

८

उळवीच्या जत्रेला आम्ही तिघं गेलो. ह्यांनी नवस फेडला. गर्दीतनं अंकिता पुढं चालली होती आणि मी मागनं तिची पाठ बघत होते. खांदे एका पातळीत, वेणी बरोबर मध्यावर. ओळखीच्या एक बाई थांबून म्हणाल्या, "किती छान झाली गे पाठ! काय केलंत?" मी बेळगावच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

दुपारी हे प्रसाद आणायला रांगेत गेले. आम्ही दोघी जंगलाच्या कडेला, सोडलेल्या बैलगाड्यांमागं सावलीत टेकलो. धुरळा खाली बसत होता. बैल डोळे मिटून रवंथ करत होते, त्यांच्या गळ्यातल्या घंटा मधूनच वाजत. कुठंतरी कानडीत भजन चाललं होतं, कुठंतरी मराठीत, आणि लांबनं ती दोन्ही एकच वाटत होती. अंकिता माझ्या मांडीवर डोकं ठेवून उजव्या कुशीवर झोपली. डावी कूस वर. मी हात तिथं ठेवला, सवय झाली आहे.

तळव्याखाली तो श्वास चालू होता. अंकिताच्या नाकाशी मी दुसऱ्या हाताचं बोट धरलं. तिचा श्वास वेगळा होता, लहान, झोपेतला. हे आता मला नवं नाही. मी तशीच बसून राहिले, डोळे जड झाले. माणूस मूल थोपटताना जसं स्वतःही डुलतं, तसं माझं झालं असावं. मला वाटत होतं, तळव्याखालच्या श्वासाशी माझा श्वास जुळत चाललाय.

मग लक्षात आलं, उलटं आहे. मी आवंढा गिळला, तेव्हा तोही अडखळला होता.

मी श्वास धरला.

तळव्याखालचा थांबला.

अंकिताच्या नाकपुड्या तशाच हलत होत्या, माझ्या बोटाला वारा लागत होता. तिचा ह्याच्याशी संबंध नव्हता. बैलांच्या घंटा वाजल्या, थांबल्या. मी धरून ठेवला. खिडकीतल्या बरगड्या भरलेल्याच राहिल्या, माझ्या तळव्याला टेकून. कान देऊन उभं राहावं तशा. माझ्या कानात रक्त वाजायला लागलं, पुढच्या गाडीचं चाक डोळ्यापुढं पांढरं झालं, आणि मला आणखी धरवेना.

माझा श्वास सुटला.

डावीकडचीनंही सोडला. पण लगेच नाही. थोडं थांबून, सावकाश. तिला अजून बराच वेळ धरता आला असता, फक्त माझ्यासाठी सोडला, असा.